तुमच्या सल्लागाराला पगार कोण देतो?

परवा मधल्या काकांकडे गेलो होतो. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मग काकांनी लोखंडी कपाटातून ती पिशवी काढली. गेल्या दोन वर्षांत मी ती चार वेळा तरी पाहिली असेल. पाच-पाच लाखांच्या चार ठेवपावत्या, सभासद झाल्याची शंभर-शंभर रुपयांची चार कार्डं आणि एका विमा पॉलिसीचं इंग्रजी बाड. काका पावत्या हातात घेतात, उलटसुलट करतात, परत ठेवतात. या वेळी मी विचारलं, "काका, त्या वेळी तुम्हाला ही संस्था सांगितली कोणी?"

काका म्हणाले, "तूच त छापलं होतं ना पेपरात. मी वाचूनच गेलो बाबू."

आवाजात राग नव्हता. मी काही बोललो नाही. तिथून घरी येईपर्यंत गाडीवर हेच डोक्यात होतं, आणि म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला आणि तो बरा मिळाला हे मान्य करायला हवं. कोणाला वीस लाख, कोणाला कोटीच्या वर. ज्या घरात आयुष्यभर एकरकमी पन्नास हजार कोणी पाहिले नव्हते तिथं अचानक बँकेच्या पासबुकावर सात आकडे. आमच्या काकांचा मोबदला भाऊबंदकीच्या वादात अडकला होता, तो २०२० च्या शेवटी सुटला. अडीच एकराचे अडतीस लाख.

त्या दिवसांत गावात कोण कोण येत होतं ते आठवा. मोटारींचे शोरूमवाले आले, प्लॉटवाले आले, विम्याचे आले. महिन्याला दहा टक्के देतो म्हणणारे तर हॉटेलात प्रोजेक्टर लावून बसले होते. काका त्यांना भुलले नाहीत, कारण माणूस हिशेबी आहे. महिन्याला दहा टक्के म्हणजे साताठ महिन्यांत दुप्पट, आणि असा धंदा जगात नसतो एवढं त्यांना कळत होतं. सरकारच्या किसान विकास पत्रात आज पैसे टाकले तर ७.५ टक्क्यांनी दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. हा आकडा लक्षात ठेवला तरी निम्मे ठग दारातूनच परत जातील.

पण काकांना लुटलं ते ठगासारख्या दिसणाऱ्यांनी नाही. लुटलं ते काचेचं दार, एसी, टाय लावलेली पोरं आणि भिंतीवर देवाचा फोटो असलेल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेनं. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. व्याज साडेबारा टक्के. २०२१ च्या संक्रांतीला काकांनी तिथं वीस लाख ठेवले. शाखेतल्या पोरानं सांगितलं, सोयीचं पडेल, घरातल्या चौघांच्या नावावर पाच-पाच लाख करा.

इथं जरा थांबा, कारण हाच तो मुद्दा जो माझ्या व्यवसायातल्या माणसांनीही नीट सांगितला नाही. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा आधी एक लाख होती, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाही, मल्टिस्टेट पतसंस्था तर नाहीच. म्हणजे तेच वीस लाख, त्याच चौघांच्या नावावर, समोरच्या रस्त्यावरच्या साध्या बँकेत असते तर बँक बुडूनही जवळजवळ सगळे परत आले असते. वाटणी बरोबर केली, इमारत चुकली.

आणि हे कशासाठी? हिशेब करू. वीस लाखांवर साडेबारा टक्क्यांनी महिन्याला साधारण वीस हजार आठशे येतात. बँकेत सात टक्के धरले तर अकरा हजार सहाशे. फरक नऊ हजाराचा. महिन्याच्या नऊ हजारांसाठी वीस लाख डावावर लावले, आणि डाव आहे हेच माहीत नव्हतं. पावणेतीन वर्षं व्याज वेळेवर आलं. २०२३ च्या दिवाळीआधी एक महिना चुकला, मग "सर्व्हर डाऊन" झाला, मग शटर. त्याच सुमाराला बीडच्या ज्ञानराधाच्या शाखांसमोर रांगा लागल्या होत्या, मराठवाडाभर नुसती बोंब. त्याच्याही आधी २०१५ च्या सुमाराला जळगावची बीएचआर झाली. आपल्याकडं तिच्या ठेवीदारांनी काढलेले मोर्चे मी स्वतः कव्हर केलेत. तरी सहा वर्षांत लोक विसरले. मीसुद्धा.

आमच्या काकू शाळेत चौथीपर्यंत. संस्थेत पैसे ठेवायला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "येवढं व्याज हे लोक देतात कुठून?" बँक ज्याला साडेआठ-नऊ टक्क्यांनी कर्ज देते तो शहाणा माणूस पंधरा-सोळा टक्क्यांनी पतसंस्थेकडून का घेईल? जो घेतो त्याला बँकेनं दारात उभं केलेलं नसतं. किंवा कर्जदार म्हणून संचालकांचेच मेहुणे आणि त्यांच्याच कंपन्या असतात. काकूंना हे सगळं माहीत नव्हतं, पण प्रश्न नेमका होता. घरातल्या तिन्ही पुरुषांनी हसून सोडून दिला.

आता माझ्या वाटणीचं.

तालुका प्रतिनिधीला मानधन किती असतं ते विचारू नका, सांगायला लाज वाटते. पोट चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. माझं त्या वेळी शेकडा पंधरा होतं. संस्थेची शाखा उघडली तेव्हा मी पूर्ण पानाची जाहिरात आणली आणि सोबत पान भरायला अध्यक्षांची मुलाखत लिहिली. मथळा होता, "विश्वासाचं दुसरं नाव". तो मथळा माझाच. ताळेबंद मी मागितला नाही, थकबाकी किती ते विचारलं नाही, कर्ज कोणाला दिलं ते विचारलं नाही. मुलाखत कसली, जाहिरातच होती ती, फक्त तिच्यावर जाहिरात असं लिहिलेलं नव्हतं. नंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला की सहकारी संस्थांना "बँक" हा शब्द वापरता येत नाही आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही. ती बातमी आमच्याकडं आतल्या पानावर एक कॉलम लागली. त्याच अंकात संस्थेची रंगीत जाहिरात होती. मी तो अंक अजून ठेवलाय.

म्हणजे काकांचा आर्थिक सल्लागार कोण? मीच. आणि मला पैसे कोण देत होतं? संस्था. काकांना हे माहीत नव्हतं, त्यांना वाटलं पुतण्या पेपरात आहे, पेपरात खोटं कसं येईल. डिप्लोमाला आम्हाला बातमी आणि जाहिरात यातला फरक शिकवला होता, परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही आला होता.

हे सांगितल्यावरच मला पुढचं बोलायचा हक्क आहे असं वाटतं. आपल्याकडं पैशाचा सल्ला कोण देतं ते एकदा मोजा. रोज संध्याकाळी दुकानावर येणारा पिग्मी एजंट. विम्याचा एजंट, जो बहुतेक वेळा आपला शाळामास्तर, साडू किंवा भाचा असतो. बँकेतला साहेब. म्युच्युअल फंडाचं काम करणारा. रिटर्न भरून देणारे सीए. यातला प्रत्येक जण वाईट आहे असं मी म्हणत नाही. पिग्मी एजंटांची तर दया येते, शेकड्याला दोन-तीन रुपयांसाठी उन्हात फिरले आणि आता लोक त्यांच्याच दारात शिव्या घालायला उभे. त्यांचे स्वतःचे पैसेही तिथंच होते. पण यातल्या जवळपास सगळ्यांना पैसे देणारा तुम्ही नसता. माल ज्याचा, तो देतो. आणि आपल्याकडं हे विचारणं म्हणजे अपमान समजतात. "घरचा माणूस आहे, त्याला काय विचारायचं?" अहो, घरचा आहे म्हणूनच विचारा, परका तर खोटंच सांगेल!

काकांच्या पिशवीतलं ते इंग्रजी बाड याचाच नमुना. त्याच वर्षी उरलेल्या पैशातून दोन लाखांची एफडी करायला काका बँकेत गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "एफडीसारखंच आहे, पण फायदा जास्त," म्हणाले, सह्या झाल्या. वर्षानं मेसेज आला, हप्ता भरा, दोन लाख. ती एफडी नव्हती, दहा वर्षं दरसाल दोन लाख भरायची विमा पॉलिसी होती. काकांनी संस्थेच्या व्याजातून आणखी दोन हप्ते भरले. व्याज बंद पडलं तसा हप्ता बंद पडला. भरले सहा लाख, पॉलिसी मोडून हाती आले दोन लाखांच्या थोडं वर. अशा दीर्घ मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला पाव हिस्सा किंवा जास्त विकणाऱ्याच्या कमिशनला जाऊ शकतो. दोन लाखांचा पाव हिस्सा म्हणजे पन्नास हजार. चहा महाग पडला.

पॉलिसी आवडली नाही तर परत करायची मुदत असते, सध्या ती ३० दिवस आहे. पॉलिसी हातात आल्यापासून मोजायची. पण त्यासाठी ते बाड उघडावं लागतं. काकांचं प्लास्टिक मी फाडलं, तेही २०२३ मध्ये. तुमच्या घरात असं न फाडलेलं प्लास्टिक असेल तर आज रात्री फाडा. नुकतंच आलं असेल तर वेळ आहे. फसवून विकलं असेल तर विमा नियामकाकडं १५५२५५ वर तक्रार घेतात.

मग चांगला सल्लागार ओळखायचा कसा? माझ्या मते पहिला प्रश्न एकच: "माझ्या या व्यवहारात तुम्हाला किती मिळतात आणि कोण देतं?" जो चिडेल, जो "तुमच्याकडून एक रुपया घेत नाही" एवढंच म्हणेल, त्याला नमस्कार करा. फुकट सल्ला नसतोच. फी एक तर समोरून जाते, नाही तर मागून कापली जाते.

फक्त फी घेऊन सल्ला देणारेही असतात. सेबीनं २०१३ मध्ये त्यांच्यासाठी नियम केले. त्यांचा नोंदणी क्रमांक "आयएनए" या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर यादी आहे, नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं. एकाच घराकडून सल्ल्याची फीही आणि मालाचं कमिशनही, असं दोन्ही त्यांना घेता येत नाही. अडचण अशी की अख्ख्या देशात ते दीड हजारही नाहीत. आपल्या तालुक्यात एकही नाही. फोनवर, व्हिडिओ कॉलवर काम करतात ते. वर्षाला पंधरा-वीस हजार मागितले की आपण म्हणतो, "नुसत्या बोलण्याचे एवढे?" डॉक्टरला मात्र नुसत्या बोलण्याचे आपण देतो. आणि वर सांगितलेले पन्नास हजार काकांनी दिलेच की, फक्त त्यांना पावती मिळाली नाही.

म्युच्युअल फंडाचे वितरक वेगळे. त्यांच्याकडं एआरएन नंबर असतो आणि कमिशन फंड कंपनी देते, तुमच्याच पैशातून. २०१३ पासून प्रत्येक योजनेचे डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्रकार आहेत. रेग्युलरमधून हे कमिशन जातं म्हणून त्याचा खर्च जास्त. फरक वर्षाला अर्धा-पाऊण, कधी एक टक्क्याच्या आसपास. वीस लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार, दर वर्षी, आणि रक्कम वाढेल तसा तोही वाढतो.

असं असूनही मी स्वतः वितरकामार्फतच पैसे गुंतवतो, हे लपवत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात जवळपास चार हजार अंकांनी कोसळला. लॉकडाऊन, पेपर बंद पडतो की काय अशी भीती, मी सगळं विकायला निघालो होतो. त्या माणसानं फोनवर अर्धा तास मला थांबवलं. "मुलीच्या शिक्षणाला अजून नऊ वर्षं आहेत ना? मग आज कशाला बघता?" तो अर्धा तास मला त्याच्या दहा वर्षांच्या कमिशनएवढा पडला. आणि कमिशन किती मिळतं हे पहिल्याच भेटीत त्यानं कागदावर लिहून दिलं होतं, मी विचारायच्या आधी. त्यामुळं कमिशन घेणारा तो चोर आणि फी घेणारा तो साधू असं मी म्हणणार नाही. लपवतो कोण ते बघा.

आणखी एक खूण. चांगला माणूस पहिल्या भेटीत काही विकत नाही. तो विचारतो, सावकाराचं किंवा सोन्यावरचं कर्ज आहे का, घरात दवाखान्यासाठी विमा आहे का, कमावता माणूस गेला तर मागच्यांचं काय, सहा महिने पीक आलं नाही तर घर कशावर चालेल. आधी ती भोकं बुजवायला सांगतो. आमच्या काकांना अडतीस लाख आले तेव्हा घरात मेडिक्लेम नव्हता आणि मोठ्या चुलतभावाच्या नावावर साध्या टर्म विम्याचा एक रुपया नव्हता. चार माणसं येऊन गेली, एकानंही हे विचारलं नाही, कारण त्यात कमिशन थोडं. नॉमिनी लावला म्हणजे तोच मालक होतो या समजुतीवर तर वेगळी पोस्ट लिहावी लागेल, मृत्युपत्राशिवाय किती भावंडं कोर्टात आहेत ते तुम्ही जाणताच.

बाकी, पैसे कधीही सल्लागाराच्या नावावर द्यायचे नाहीत. रोख नाही, त्याच्या फोनपेवर नाही. फंडाचा चेक फंडाच्या नावानं, विम्याचा कंपनीच्या नावानं. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून ॲप डाउनलोड करायला लावणारे सगळे एकाच माळेचे मणी. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा, तासातासानं रक्कम पुढं सरकते.

राज्यकर्त्यांबद्दल लिहायचं तर रात्र पुरणार नाही. तरी एवढं लिहितो. आपल्याकडं ठेवीदारांसाठी राज्याचा एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे, केंद्राचा अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा २०१९ पासून आहे. पण मल्टिस्टेट संस्थेची तक्रार घेऊन लोक तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं गेले तर ते म्हणतात, आमच्या अखत्यारीत नाही, दिल्लीला केंद्रीय निबंधकाकडं जा. काकांनी मेहकरच्या पलीकडं फार तर अकोला पाहिलंय. शाखा आमच्या गावात, ठेव आमच्या गावातली, पोरं आमच्या गावची, आणि जबाबदार अधिकारी दिल्लीला! २०२३ च्या दुरुस्तीनं सहकार लोकपाल आणला, पण त्याच्याकडं अर्ज कसा करायचा हे सांगणारा एकही फलक मी अजून कुठल्या शाखेच्या भिंतीवर पाहिला नाही. शाखेच्या उद्घाटनाला फीत कापायला जे आले होते त्यातले तिघं परवाच्या निवडणुकीत मतं मागायला आले. फोटो माझ्याकडं आहेत, मीच काढले होते.

मी दोन गोष्टी ठरवल्यात. पतसंस्था, प्लॉट, कुठल्याही गुंतवणुकीची जाहिरात आता मी आणणार नाही, कमिशन जातं तर जावो. संपादकांना कळवलंय, ते म्हणाले बघू. आणि ती जुनी मुलाखत माझ्या या अकाउंटवर होती, ती काढलेली नाही. वर लिहिलंय, "ही जाहिरात होती, हिचे पैसे मला मिळाले होते."

दुसरं, कामाचं. अवसायकाकडं दावा दाखल करायचा राहिलेले आपल्या भागात बरेच आहेत, विशेषतः ज्यांच्या घरातला ठेवीदार वारला ते. रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून मी ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसतोय, सोबत वकिली करणारा एक मित्र आहे, तो फी घेणार नाही. येताना ठेवपावतीची झेरॉक्स, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सभासद कार्ड आणा. मूळ पावती कोणाच्याही हातात द्यायची नाही, माझ्याही नाही. ठेवीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं. काका पहिल्या नंबरला आहेत, पिशवी घेऊन.